सेंट क्रॉयच्या ॲनाली उपसागरातली कुंडे: ओहोटी कोणत्या तिथीला धरावी?

खाडीकाठची (ठाणे, घोडबंदर रस्ता)

नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त असून येत्या जानेवारीत मुलीकडे अमेरिकेला जाणार आहोत. मुलीने आणि जावयांनी तिथून पाच दिवसांसाठी सेंट क्रॉय या कॅरिबियन बेटावर जाण्याचा बेत केला आहे. त्यांच्या यादीत सर्वांत वर आहे ती बेटाच्या वायव्य टोकाकडच्या ॲनाली उपसागरापर्यंतची पायवाट. तिच्या शेवटी खडकांच्या कडेने वेढलेली समुद्राच्या पाण्याची नैसर्गिक कुंडे आहेत आणि त्यांत उतरून डुंबता येते, असे मुलगी सांगते. छायाचित्रे पाहून मोह झाला हे खरे, पण त्याच छायाचित्रांत कुंडाच्या पलीकडे फुटणारी लाट पाहून मनात शंकाही आली.

शंकेचे कारण जुने आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायला गेलो होतो. डोंगरातल्या पायऱ्या उतरून खालच्या कातळावर पोहोचेपर्यंत सारे छान होते. तिथे आम्ही छायाचित्रे काढण्यात रमलो, आणि मागे वळून पाहिले तेव्हा ज्या वाटेने पुढे जायचे होते तिच्यावर पाणी आलेले होते. गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून परतलो. तेव्हापासून किनाऱ्यावर जाण्यापूर्वी मी तिथी पाहिल्याशिवाय राहत नाही. माझे सासरे दापोलीकडचे, त्यांनी शिकवलेला हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. यावरून मी असा बेत केला आहे की आमच्या मुक्कामात जो दिवस अष्टमी-नवमीच्या जवळ येईल तो या पायवाटेसाठी राखावा, म्हणजे सकाळी निघून भर ओहोटीला कुंडांपाशी पोहोचता येईल.

हा हिशेब तिकडे चालेल का, की वेळेच्या फरकासाठी त्यात काही मिळवावे लागेल? यजमानांचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. येऊरच्या जंगलात ते आरामात फिरतात, पण कर्नाळ्याला मागच्या खेपेस उतरताना त्रास झाला होता. ज्यांनी ही वाट पाहिली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

येऊर_भटक्या (ठाणे)

काकू, मी 2019 साली भावाच्या कुटुंबाबरोबर या वाटेने जाऊन आलो आहे, त्यामुळे चालण्याविषयी निश्चित सांगू शकतो. उत्तर किनाऱ्यावर डेव्हिस बे नावाची पुळण आहे आणि तिच्यालगत कॅराम्बोला हे रिसॉर्ट आहे. त्याच्या फाटकाजवळून वाट सुरू होते. एका बाजूचे अंतर साधारण साडेतीन ते चार किलोमीटर असून रमतगमत गेल्यास दीड तास लागतो. आधी चढ, मग झाडीतून डोंगराच्या कुशीने जाणारा बराचसा रुंद रस्ता आणि शेवटी समुद्राकडे उतार असे तिचे स्वरूप आहे. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तिचे काही वाटू नये. मात्र हवा दमट असते, वाटेत पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही आणि पाऊस पडून गेलेला असेल तर शेवटच्या उतारावरची माती चांगलीच घसरडी होते. माणशी दोन लिटर पाणी न्यावे. फोनला सर्वत्र रेंज मिळेल हे गृहीत धरू नये.

काकांच्या गुडघ्याची काळजी मला वाटेपेक्षा किनाऱ्यावर अधिक वाटते. ॲनालीला वाळू नाही. लाटांनी घासून गोल झालेले गोटे आहेत, ते पायाखाली सरकतात, आणि कुंडांपर्यंत पोहोचायला त्यांच्यावरून व पुढे ओल्या खडकांवरून हात टेकत जावे लागते. तिथे मला स्वतःला चालण्यापेक्षा अधिक वेळ लागला होता.

बेट अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, पण परतीच्या विमानात बसण्यापूर्वी तिथल्या विमानतळावर कागदपत्रांची तपासणी होते, म्हणून मूळ पासपोर्ट मुलीच्या घरी ठेवून जाऊ नका. आणखी एक गंमत म्हणजे तिथे आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात, पण गाड्या अमेरिकेच्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच असते. जावईबापूंना पहिल्या दिवशी जरा जपून चालवायला सांगा.

भरती-ओहोटीचे म्हणाल तर ओहोटी पाहून जावे एवढे पुरे आहे. उत्तरेला सेंट थॉमस, सेंट जॉन वगैरे बेटांची रांग असल्यामुळे अटलांटिकच्या मोठ्या लाटा तिथेच अडत असाव्यात. आम्ही गेलो त्या दिवशी तर पाणी आरशासारखे होते.

नेरूळचा_दर्यावर्दी (नवी मुंबई)

ताई, आपण तिथी पाहून किनाऱ्यावर जाता ही सवय सोडू नका. कोकणात आणि आपल्या खाडीत तिने कितीतरी माणसे वाचवली आहेत. परंतु सेंट क्रॉयला जाताना तो हिशेब घरी ठेवून जावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे, आणि भटक्यांनी शेवटच्या परिच्छेदात लिहिलेल्या दोन्ही गोष्टींशी मी सहमत नाही. माझी नोकरी तेलवाहू जहाजांवर झाली. सेंट क्रॉयच्या दक्षिण किनाऱ्यावर 2012 पर्यंत एक फार मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालत असे आणि तिथे आमचे जहाज अनेकदा लागत असे, त्यामुळे त्या पाण्याशी माझी थोडी ओळख आहे.

मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या घरात जातो. खंभातच्या आखाताकडे अरुंद होत जाणारा किनारा आणि दूरवर पसरलेला उथळ समुद्रतळ यांच्यामुळे भरतीची लाट इकडे फुगत जाते. ठाण्याला खाडीच्या टोकाशी पाणी पोहोचायला आणखी थोडा उशीर होतो, तेव्हा आपला पाऊणपटीचा हिशेबही तिथे काही मिनिटांनी चुकत असणार. सेंट क्रॉयला हा फरक जेमतेम एक फूट भरतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. चंद्राच्या ओढीने निर्माण होणारी भरतीची लाट महासागरात काही ठरावीक बिंदूंभोवती फिरत असते आणि त्या बिंदूंवर पाणी जवळजवळ वरखाली होत नाही. असा एक बिंदू पूर्व कॅरिबियनमध्ये, या बेटांपासून जवळच आहे. म्हणून तिथे चंद्राची मुख्य भरती लंगडी पडते, कित्येक दिवशी चोवीस तासांत एकच ठळक भरती येते आणि तिथीची पाऊणपट करून हाती काहीच लागत नाही. तिकडचे भरतीचे तक्ते मिळतात आणि ते अचूक असतात, पण ते पाहून जे कळेल ते एवढेच की पाणी सकाळपेक्षा दुपारी वीतभर खाली असेल.

त्या कुंडांना टाइड पूल म्हणतात आणि सारा घोटाळा त्या नावातून होतो. ती भरतीने भरत नाहीत, लाटांनी भरतात. समुद्राकडच्या खडकाच्या कडेवरून लाट आत उडते आणि फटींतून पाणी पुन्हा बाहेर ओढले जाते. त्यामुळे पाहायचे असते ते लाटेचे तक्ते, आणि त्यांतही उंचीइतकेच लक्ष दोन लाटांमधल्या सेकंदांकडे द्यायचे. दीड मीटर उंचीची लाट दर सहा-सात सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली आहे. दिसायला खवळलेली, पण अंगात जोर कमी. तीच दीड मीटरची लाट तेरा-चौदा सेकंदांनी येत असेल तर ती शेकडो मैल दूरच्या वादळातून निघालेली आहे. आम्ही तिला स्वेल म्हणतो. खोल समुद्रात ती इतकी सपाट दिसते की जहाजावर चहाही सांडत नाही, आणि किनाऱ्याला लागताना मात्र ती दुप्पट उंच होऊन कोसळते. आपण जाणार तो जानेवारी महिना नेमका तिचा आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये उतरणारी थंडीची वादळे हे स्वेल दक्षिणेकडे पाठवत असतात. त्या दिवशी सेंट क्रॉयला आकाश निरभ्र असते आणि झाडाचे पान हलत नसते. आपल्याकडे वादळी समुद्र म्हटले की काळे ढग आणि पाऊस डोळ्यांपुढे येतो, म्हणून भारतीय प्रवासी तिथे फसतो.

आता बेटांच्या आडोशाचा मुद्दा. थेट उत्तरेकडून येणाऱ्या लाटा सेंट थॉमस, सेंट जॉन आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या रांगेत बऱ्याच अडतात, तेवढे भटक्यांचे बरोबर आहे. पण त्या रांगेच्या पूर्वेला अनेगाडा खिंड नावाची सामुद्रधुनी आहे, ती रुंद आणि खोल आहे, आणि ईशान्येकडचा स्वेल तिच्यातून मोकळा आत येतो. शिवाय सेंट क्रॉयचा हा उत्तर किनारा एखाद्या भिंतीसारखा समुद्रात उतरतो. ॲनालीच्या पूर्वेला केन बे आहे. तिथे किनाऱ्यापासून थोडे पोहत गेले की तळ एकदम तुटतो आणि भिंत नऊशे मीटरहून खाली जाते. पाणबुडे ती पाहायला जगभरातून येतात. आपल्या किनाऱ्यावर लाट मैलोन् मैल उथळ तळाशी घासत येते आणि दमते. तिथे तिला दमवणारे काही नाही, ती पूर्ण ताकदीने खडकावर येते.

मी पहिल्यांदा ॲनालीला गेलो तो 2009 चा फेब्रुवारी होता. बरोबर दोन सहकारी होते. उताराच्या अलीकडे झाडीतून समुद्र दिसतो तिथे आम्ही थांबलो. पाणी शांत होते, कुंडे स्वच्छ दिसत होती. आम्ही पाणी प्यायलो, आणलेली संत्री सोलली, आणि त्यात गेलेल्या दहा-बारा मिनिटांत काही घडले नाही. मग एकापाठोपाठ पाच लाटा आल्या. तिसऱ्या लाटेने कुंडाची सारी कड झाकून टाकली आणि पाणी मागच्या कातळावर माणसाच्या उंचीपर्यंत चढले. पाच मिनिटांनी समुद्र पुन्हा पूर्ववत शांत. जो माणूस त्या शांततेत खाली पोहोचला असता त्याला त्या पाच लाटांची कल्पनाही आली नसती. आम्ही तिथूनच परतलो. कुंडांत उतरलो तो पुढच्या वर्षी, मे महिन्यात.

म्हणून माझी विनंती अशी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे पोर्तो रिकोतील सान हुआन येथील कार्यालय या बेटांसाठी रोज किनाऱ्याच्या लाटांचा अंदाज देते. सेंट क्रॉयच्या उत्तर किनाऱ्यासाठी धोक्याची सूचना असेल तर त्या दिवशी हा बेत रद्द करावा, चर्चा करू नये. पोर्तो रिकोच्या ईशान्येला खुल्या समुद्रात लाटा मोजणारा, 41043 क्रमांकाचा तरंगता बोया आहे, त्याची ताजी मोजणी जावयांना आदल्या रात्री पाहायला सांगा. तो सेंट क्रॉयपासून उत्तरेला साधारण 360 किलोमीटरवर आहे आणि चौदा सेकंदांच्या स्वेलची ऊर्जा ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने पुढे सरकते, म्हणजे तिथे चढलेला आकडा बेटाच्या टापूत पोहोचायला नऊ-दहा तास घेतो. रात्री तिथे लाटांचा कालावधी, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, वाढलेला दिसला तर सकाळी बुटांची नाडी बांधू नये. माझे स्वतःचे माप असे की ईशान्य किंवा उत्तरेचा, दहा सेकंदांहून अधिक कालावधीचा स्वेल चालू असेल तर मी कुंडांत उतरत नाही. हे कुठल्या पुस्तकातले नाही, भीतीतून आलेले आहे.

खाडीकाठची

आपण इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मी तिथीचा हिशेब मोठ्या आत्मविश्वासाने मांडला होता, आता हसू येते. समजा आदल्या रात्री सारे आकडे ठीक दिसले आणि आम्ही खाली पोहोचलो, तर पाण्यात उतरण्यापूर्वी तिथे काय पाहावे? आणि कोणी घसरून बाहेर ओढला गेलाच तर काय करावे, हेही विचारून ठेवते. वाईट बोलू नये म्हणतात, पण विचारलेले बरे.

नेरूळचा_दर्यावर्दी

ताई, सर्वांत आधी कातळाचा रंग पाहावा. कुंडाच्या समुद्राकडच्या कडेवर आणि मागच्या खडकावर कुठवर ओल चमकते आहे आणि कुठून वर मिठाची पांढुरकी, वाळलेली पुटे आहेत हे पाहिले की गेल्या तासाभरात पाणी कुठपर्यंत चढले ते कळते. बसण्याची आणि पिशव्या ठेवण्याची जागा त्या कोरड्या रेषेच्या बरीच वर हवी. मग घड्याळ लावून निदान अर्धा तास नुसते पाहत बसावे. डबा खाण्याचे काम याच वेळात उरकावे. या अर्ध्या तासात एकदाही लाट कड ओलांडून जोराने आत आली आणि पाणी फेसाळून फटींतून बाहेर धावताना दिसले, तर त्या कुंडात उतरू नये. किनाऱ्याकडच्या बाजूचे एखादे उथळ कुंड मिळाले तर तिथे पाय बुडवून समाधान मानावे. उतरल्यावर समुद्राकडे पाठ करू नये आणि कडेवर उभे राहून छायाचित्र काढू नये, मग मुलीने कितीही आग्रह केला तरी. सर्वांनी एकदम उतरू नये, एकाने कोरड्या खडकावर बसून लाटांवर लक्ष ठेवावे. ते काम गुडघेदुखीवाल्या यजमानांना द्यावे असे सुचवतो, त्यांचा मानही राहील.

कोणी बाहेर ओढला गेला तर मागोमाग उडी मारायची नाही. फेसाच्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात अंग नेहमीसारखे तरंगत नाही, आणि खडकाजवळ पट्टीचा पोहणाराही आपटतो. बाहेर गेलेल्याने लगेच खडकाकडे परतण्याची धडपड न करता लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे जाऊन तरंगत राहावे. किनाऱ्यावरच्यांनी तरंगणारे जे हाती येईल ते, रिकाम्या झाकणबंद बाटल्या भरलेली पिशवीसुद्धा, त्याच्याकडे फेकावे, आणि एकाने रेंज मिळेल तिथवर चढून 911 ला फोन करावा. मदत पोहोचायला वेळ लागतो. तिथवर गाडीरस्ता धड नाही.

येऊर_भटक्या

दर्यावर्दी काका, चूक मान्य. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो हे लिहायचे राहून गेले, आणि आरशासारख्या पाण्याचे श्रेय मी ओहोटीला आणि बेटांच्या आडोशाला देऊन मोकळा झालो.

तिवरांची_बाई (ऐरोली)

समुद्राविषयी दर्यावर्दींनी लिहिले आहे, मी झाडाविषयी लिहिते, कारण सेंट क्रॉयच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे एक झाड उगवते आणि आपल्याकडच्या माणसाला त्याची ओळख असण्याचे कारण नाही. चकचकीत हिरवी, कडेला अगदी बारीक दाते असलेली पाने आणि लहान पेरूएवढी हिरवट-पिवळी फळे. फळाला वासही गोड येतो. स्पॅनिश भाषेत त्याला मृत्यूचे छोटे सफरचंद म्हणतात ते उगाच नव्हे. फळ तर विषारी आहेच, पण फांदी मोडल्यावर येणारा पांढरा चीक कातडीला लागला तर फोड येतात आणि डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येऊ शकते. पाऊस आला की आडोशासाठी झाडाखाली उभे राहणे हा आपला स्वभाव. मँचिनीलखाली उभे राहिल्यास पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यातून चीक अंगावर येतो. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवून किंवा पाटी लावून सावध केलेले असते, पण प्रत्येक झाडाला पट्टा असतो असे नाही. म्हणून किनाऱ्याजवळच्या अनोळखी झाडाला हात लावू नये, खाली पडलेले फळ उचलू नये आणि जळणासाठी काटक्या गोळा करू नयेत, कारण धुराचाही डोळ्यांना त्रास होतो. हे झाड एरंडाच्या कुळातले आहे. आपल्या ठाणे खाडीच्या तिवरांत उगवणारी फुंगळी त्याच कुळातली आहे आणि तिच्या चिकालाही लोक तसेच भितात, तेव्हा नाते तसे दूरचे नाही.

पाण्यात उतरताना घट्ट बसणारी, जाड तळाची पादत्राणे घालावीत, रबरी चपला नकोत. कुंडांच्या खडकांत खळगे करून राहणारे सी अर्चिन असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडून राहतात. लांब काळ्या काट्यांचा जो अर्चिन आहे तो कॅरिबियनमध्ये 1983-84 साली रोगाने जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि सावरू लागला असता 2022 मध्ये पुन्हा मोठ्या संख्येने मेला. खडकांवरचे शेवाळ खाऊन प्रवाळांना जागा मोकळी ठेवण्याचे काम तो करतो. म्हणून काटा टोचला तर आपण त्याच्या घरात शिरलो होतो असे समजावे, त्याला खडकावरून उपटू नये.

सनस्क्रीन भारतातून नेणार असाल तर नळीवरची घटकांची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन ही तीन रसायने असलेल्या सनस्क्रीनवर अमेरिकन व्हर्जिन बेटांत मार्च 2020 पासून बंदी आहे. प्रवाळांना त्यांच्यामुळे इजा होते म्हणून. झिंक ऑक्साइडचे, पांढरे दिसणारे मलम चालते. त्याहून सोपे म्हणजे पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी. सेंट क्रॉय आपल्या सासऱ्यांच्या दापोलीच्याच अक्षांशावर आहे, तेव्हा जानेवारीतले ऊन आणि दिवसाची लांबी दापोलीसारखीच धरा. सहा वाजून गेले की सूर्य लवकर मावळतो, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास परतीला लागावे.

खाडीकाठची

सर्वांचे उत्तर मुलीला वाचून दाखवले. पाच दिवसांपैकी कोणताही एक दिवस या पायवाटेसाठी न ठरवता रोज रात्री बोया पाहून सकाळचा बेत करायचा, असे ठरले आहे. एकाही दिवशी समुद्राने परवानगी दिली नाही तर दर्यावर्दींप्रमाणे झाडीतल्या त्या जागेवर बसून संत्री खाऊ आणि परत येऊ. यजमानांनी पहाऱ्याचे काम आनंदाने स्वीकारले असून त्यासाठी शिट्टी विकत घ्यायला आजच नौपाड्यात गेले आहेत.